एकच सकाळ, दोन तक्रारी आणि माझी सही

पहिली तक्रार अगदीच किरकोळ वाटली होती. चार नंबर लेनवरून निरोप आला, "दादा, राउंड आतच जात नाहीये." राउंड म्हणजे काडतूस. मी शूटिंग रेंजवर आर्मरर आहे, म्हणजे पिस्तुलं उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, स्प्रिंगा बदलायच्या आणि संध्याकाळी रजिस्टरवर सही ठोकायची, आणि हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी ऐकतो. बहुतेक वेळा मॅगझिनच, म्हणजे मुठीत बसणारी राउंडांची पेटी, निघतं. ओठ वाकलेले असतात, स्प्रिंग मेलेली असते, नाहीतर कुणीतरी मॅगझिन खाली पाडून तसंच परत घातलेलं असतं.

गेलो. पिस्तूल टेबलावर, तोंड टार्गेटकडे, स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, अर्ध्यावर अडकून बसलेली. मॅगझिन काढलं, स्लाइड जोर लावून मागे ओढून लॉक केली, राउंड खाली पडला. उचलून पाहिला तर गोळीच्या नाकावर तांब्याला गोल कडं उमटलेलं, आणि गोळी पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्यात, थोडी आत ढकललेली. असा राउंड परत वापरायचा नसतो, कारण गोळी आत गेली की दारूला जागा कमी उरते आणि उडवताना दाब एकदम वाढतो. लाल डब्यात टाकून दिला. ते कडं तेव्हाच नीट पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण माझ्या डोक्यात मॅगझिन फिट्ट बसलेलं. दुसरं मॅगझिन लावलं, तेच. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत, काही अडकलंय का म्हणून टॉर्च मारला, आत लख्ख. असणारच, काल संध्याकाळीच साफ झालेलं होतं, रजिस्टरवर माझीच सही होती.

मी तिथे उभा राहून तिसरं मॅगझिन हातात फिरवत होतो तेवढ्यात सहा नंबरवरून आवाज आला. आवाज म्हणजे काय, नेहमी कानावर मफ असूनही छातीत बसतो तो ठण् नाही, कुणीतरी कागदी पिशवी फोडावी तसा. फट्. बस. इतक्या वर्षांनी असा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो, कारण त्याचा नेहमीचा अर्थ म्हणजे राउंडात दारू कमी होती किंवा नव्हतीच आणि गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा राउंड झाडला की नळी फुगते, कधी फुटते. शूटरने सवयीने स्लाइडला हात घातलाच होता, आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडम "थांबा! हात काढा, खाली ठेवा!" असं एवढ्या जोरात ओरडल्या की आठही लेन एकदम गप्प झाल्या.

शूटर बिचारा गोंधळलेला. म्हणाला, हाताला झटकाच बसला नाही, स्लाइड थोडीशी हलली आणि परत पुढे आली. मॅगझिन काढलं, स्लाइड मागे घेतली, आणि खाली जे पडलं ते बघून मी दोन सेकंद काही बोललोच नाही. ९ मिमीची पुंगळी होती, पण ९ मिमीच्या पुंगळीसारखी दिसत नव्हती. बुडाकडे ठीक, वर मात्र पिंपासारखी फुगलेली, आणि तोंडापासून अर्ध्यापर्यंत उभी चीर. चिरेच्या कडेला काजळी. पितळ एवढं ताणलं गेलेलं की बोटाने दाबल्यावर कड हलत होती.

टार्गेट ओढून आणलं. दहा मीटरवरून मारलेला राउंड, कागदाच्या खालच्या कोपऱ्यात लागलेला, आणि भोक गोल नाही, लांबट. गोळी आडवी होऊन शिरलेली. आम्ही त्याला की-होल म्हणतो. गोळीला फिरकी मिळाली नाही की ती हवेत लोळत जाते आणि कागदावर असा ठसा पडतो. म्हणजे गोळी नळीत अडकलेली नव्हती, निदान ती एक काळजी मिटली. तरी पिस्तूल खोलीत नेऊन सळई घालून पाहिलीच, त्याशिवाय पुढे काही करायचं नाही हा माझा नियम आहे.

सळई आरपार गेली. आणि जरा जास्तच आरामात गेली असं वाटलं. ९ च्या नळीत मी जो ब्रश वापरतो तो घासत जातो, हा ढिला. तेव्हा कुठे मी नळीच्या बाजूवर कोरलेलं वाचलं. चाळीस. म्हणजे .४० इंच, नऊ मिमीपेक्षा मोठं माप. स्लाइडवर वाचलं. चाळीस. फ्रेम, म्हणजे मुठीचा खालचा सांगाडा, उलटी केली, तिथे ९ वाल्या मॉडेलचा नंबर. मॅगझिन नऊचं, राउंड नऊचे. खालचं अंग नऊचं आणि वरचं चाळीसचं!

मग मी जवळजवळ पळतच चार नंबरवर गेलो. तिथे उलटं. फ्रेम चाळीसची, मॅगझिन चाळीसचं, वर स्लाइड आणि नळी नऊची. चाळीसचा राउंड नऊच्या चेंबरमध्ये जाणार कसा, नाक घालून चेंबरच्या कडेवर आपटत होता, तेच ते कडं. दोन लेन, दोन वेगळ्या तक्रारी, आणि कारण एकच. काल साफसफाईत दोन पिस्तुलांच्या स्लाइडांची अदलाबदल झालेली.

आता कुणी म्हणेल चाळीसची स्लाइड नऊच्या फ्रेमवर बसतेच कशी. बसते, आणि मुद्दामच बसते. त्यासाठी चाळीसचा जन्म कसा झाला ते माहिती पाहिजे. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची एक भयंकर चकमक झाली, दोन एजंट मारले गेले, त्यानंतर त्यांनी जास्त ताकदीचं काडतूस शोधायला घेतलं आणि १० मिमी ऑटोवर आले. पण दहाची पुंगळी जवळपास २५ मिमी लांब, तिला पिस्तूल मोठं लागतं, पकडही मोठी, झटकाही मोठा. एफबीआयने दारू कमी करून सौम्य दहा वापरायला घेतला, तेव्हा स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टरवाल्यांच्या लक्षात आलं की एवढीच दारू भरायची तर एवढी लांब पुंगळी कशाला. कापली ती २१.६ मिमीवर आणि जानेवारी १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू बाजारात आलं. कापण्यामागचा सगळा खटाटोपच हा की ते नऊच्या मापाच्या पिस्तुलात मावावं. मावलंच. अख्खा राउंड नऊच्या राउंडपेक्षा लांबीला किंचित आखूडच आहे. ग्लॉक १७ नऊचं आणि ग्लॉक २२ चाळीसचं, मॅगझिन बाहेरून एकाच मापाचं, आत मात्र एकात १७ राउंड आणि दुसऱ्यात १५. अशी जोडपी बऱ्याच कंपन्यांकडे आहेत. आमच्याकडची दोन कुठली ते सांगत नाही, कारण दोष पिस्तुलांचा नव्हताच.

उलट दिशेला एक अडसर आहे. चाळीसची नुसती नळी नऊच्या स्लाइडमध्ये घालायला गेलात तर सहसा बसत नाही, चेंबरच्या वरचा भाग, ज्याला हूड म्हणतात, तो रुंद असतो, स्लाइडची खाच त्याला पुरत नाही. म्हणजे नुसत्या नळ्यांची अदलाबदल झाली असती तर साफसफाई करणाऱ्या आमच्या पोराला जोडतानाच कळलं असतं. पण त्याच्याकडून वरचं अख्खं अंग बदललं गेलं, आत नळी, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून बाहेर काढणारा आकडा) सगळं आपापल्या स्लाइडबरोबर. आणि फ्रेमवरचे रूळ दोन्हींना सारखेच. सर्रकन सरकली, खट्ट बसली.

पोरगा म्हणजे आमचा नवीन मदतनीस, हुशार आहे, हात साफ आहे. आदल्या संध्याकाळी त्याने एकाच टेबलावर चार पिस्तुलं उघडली होती, स्लाइडा सगळ्या एका ट्रेमध्ये, नळ्या पुसून परत स्लाइडमध्ये घातलेल्या, फ्रेमा दुसऱ्या फडक्यावर. मग एकेक उचलून जोडली. काळ्या स्लाइडा, काळ्या फ्रेमा, लांबी एकच. कोरलेली अक्षरं लहान, त्यात जुनी काजळी आणि तेल बसून काळ्यावर काळी झालेली. जोडून झाल्यावर त्याने मला हाक मारली आणि मी फंक्शन चेक केला. रिकामी असल्याची खात्री, स्लाइड मागे, सोडली, पुढे आली. चाप ओढला, क्लिक. चाप दाबून ठेवून स्लाइड परत मागे-पुढे, चाप सोडला, रिसेट झाला. सेफ्टी ठीक. सही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. फंक्शन चेक दोन्ही पिस्तुलांनी शंभर टक्के पास केला. करणारच होता. तो चेक ट्रिगर बघतो, रिसेट बघतो, स्ट्रायकर, म्हणजे राउंडच्या बुडावर आदळणारी पिन, सुटतो का बघतो, नळी कुठल्या मापाची आहे ते त्याच्या बापालाही कळणार नाही. ते डोळ्यांनी वाचावं लागतं, आणि मी त्या वेळी फोनवर स्प्रिंगांच्या ऑर्डरबद्दल बोलत एका हाताने चेक करत होतो. खोटं कशाला बोलू.

दुपारी मी ती फाटकी पुंगळी व्हर्नियरला लावून बसलो. नऊच्या पुंगळीच्या बुडाचा काठ ९.९६ मिमीचा, चाळीसचा १०.७७. म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त फरक. एक्स्ट्रॅक्टरची नखी चाळीसच्या काठासाठी बनवलेली, नऊच्या काठाला ती जेमतेम पकडते. आणि तिने जेमतेम पकडलं म्हणूनच राउंड उडाला. नऊ काय नि चाळीस काय, दोन्ही सरळ भिंतीच्या पुंगळ्या, त्या चेंबरमध्ये किती खोल जायचं ते पुंगळीच्या तोंडाची कड ठरवते, ती चेंबरमधल्या पायरीला टेकते आणि तिथेच थांबते. नऊची पुंगळी चाळीसच्या चेंबरमध्ये घातली तर तिला टेकायला पायरीच नाही, ती त्या पायरीपेक्षाही बारीक. ती नखीला लटकून राहते नाहीतर पुढे घसरते. घसरली असती तर स्ट्रायकर पोहोचला नसता, नुसती क्लिक झाली असती, आणि शूटरने सवयीप्रमाणे स्लाइड ओढून दुसरा राउंड मागून ढकलला असता. तो विचार मी तिथेच सोडून दिला.

उडाल्यावर काय झालं ते पुंगळीवरच दिसत होतं. आजूबाजूला मोकळी जागा, भिंतींना आधार नाही, पितळ फुगलं आणि ताण सहन न होऊन उभं फाटलं. गोळी ९.०३ मिमीची, पुढची नळी १०.१७ च्या गोळीसाठी कापलेली, तर ती रायफलिंगला, म्हणजे फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांना, धरेल कशी, नळीत डावी-उजवीकडे आपटत गेली आणि वायू तिच्या बाजूने पुढे निसटला. म्हणून दाब चढलाच नाही, म्हणून झटका नाही, म्हणून स्लाइड पूर्ण मागे आली नाही, म्हणून फट्. एका अर्थी नशीब चांगलं की चूक या दिशेने झाली. मोठी गोळी लहान नळीत जबरदस्तीने गेली तर काय होतं त्याचे फोटो मी ट्रेनिंगमध्ये पाहिलेत. पण तसं होऊ नये याची सोय चेंबरनेच केलेली असते, चार नंबरवर ती सोय आपलं काम इमानेइतबारे करत होती आणि मी तिला टॉर्च मारून शिव्या घालत होतो.

संध्याकाळी आमचे एक जुने मेंबर आले, काका म्हणतो सगळे त्यांना, मॅचेस खेळतात. त्यांच्या कानावर गेलेलंच होतं. म्हणाले, "अरे पण मी तर चाळीसमध्ये नऊचं बॅरल टाकून वर्षभर मारतोय, मला काही झालं नाही." मग बसलो बोलत. त्यांचं खरं आहे, पण त्यांचं बॅरल, म्हणजे नळी, कन्व्हर्जन बॅरल आहे, बाहेरून चाळीसच्या मापाचं आणि आतून नऊचं, हूड मुद्दाम रुंद ठेवलेला, म्हणजे चाळीसच्या स्लाइडमध्ये ते हलत नाही. कंपनीचं साधं नऊचं बॅरल त्याच स्लाइडमध्ये टाकलं तर खुळखुळतं. शिवाय त्यांनी मॅगझिन नऊची घेतलीत. एक्स्ट्रॅक्टर मात्र चाळीसचाच ठेवलाय, आणि मी विचारलं तेव्हा हळूच कबूल केलं की अधूनमधून रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकते. म्हणजे "काही झालं नाही" याचा अर्थ एवढाच.

काकांना अशा गोष्टींत रस आहे म्हणून मी त्यांना लूगरचं सांगितलं. जॉर्ज लूगरचं पिस्तूल आधी ७.६५ मिमीचं होतं, स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९०० मध्ये घेतलेलं, पुंगळीला बाटलीसारखी मान. १९०२ च्या सुमारास त्याने ती मान काढून टाकली, पुंगळी सरळ केली, आणि झालं ९ मिमी पॅराबेलम, जे आज जगभर चालतं. बूड तेच ठेवलं. त्यामुळे त्या पिस्तुलात एका मापावरून दुसऱ्यावर जायला नळी बदलली की काम झालं, बाकी सगळं तेच. आणि गंमत म्हणजे १९९४ मध्ये लोकांनी बरोबर उलटं केलं, चाळीसच्या पुंगळीला तोंडाशी आवळून मान दिली, त्यात नऊच्या व्यासाची गोळी बसवली आणि .३५७ सिग तयार झालं. तिथेही बूड तेच, म्हणून चाळीस आणि ३५७ सिग यांच्यात बऱ्याच पिस्तुलांत फक्त बॅरल बदलतात, स्लाइड तीच, मॅगझिनही तेच. पण दाबाची मर्यादा सारखी नाही, अमेरिकन मानकाप्रमाणे चाळीसला ३५,००० पीएसआय, सिगला ४०,०००. काका म्हणाले मग तेच घेतो. मी म्हटलं घ्या, पण राउंडांचे डबे दोन वेगळ्या कपाटांत ठेवा, कारण मॅगझिन एकच असलं की आता कुठला राउंड आत आहे ते बाहेरून कळत नाही. यावर त्यांनी विषय बदलला.

(पॉइंट टू टूचे, म्हणजे .२२ इंचाच्या बारक्या राउंडचे, कन्व्हर्जन किट हा वेगळाच प्रकार. तिथे वरचं अख्खं अंगच हलकं देतात, कारण त्या चिमुकल्या राउंडात मोठ्या पिस्तुलाची जड स्लाइड मागे ढकलायची ताकदच नसते. तिथे गोंधळ व्हायची शक्यता कमी, हातात घेतलं की वजनावरूनच कळतं.)

दोन्ही पिस्तुलं मी त्या दिवशी परत दिली नाहीत. सहा नंबरवरच्या चाळीसच्या नळीत फुगवटा आहे का ते आतून प्रकाश टाकून पाहिलं, बाहेरून बोट फिरवून पाहिलं, चेंबरमध्ये पितळाचा बारीक कीस चिकटलेला तो खरवडून काढला. एक्स्ट्रॅक्टरची नखी भिंगाखाली धरली, ठीक होती. फ्रेमचं प्लास्टिक मॅगझिनच्या वरच्या बाजूला तपासलं, कारण पुंगळी फाटली की वायू खाली जातो आणि पहिली चीर तिथे पडते. काही नव्हतं. चार नंबरवरची नऊची नळी बघायची तर चेंबरच्या कडेवर तांब्याचा एक पिवळसर डाग, पुसल्यावर गेला. लाल डब्यातले चाळीसचे राउंड मोजले, तीन. म्हणजे मला बोलवायच्या आधी लेनवाल्याने स्वतःच दोनदा प्रयत्न केलेला, नाकावर तेच कडं. तिन्ही एका रांगेत ठेवून बघत बसलो थोडा वेळ.

आता ट्रे वेगळे केलेत, एका पिस्तुलाला एक ट्रे, दुसरं पिस्तूल पहिलं जोडून झाल्याशिवाय उघडायचं नाही. स्लाइडवरची कोरलेली अक्षरं पांढऱ्या रंगाने भरून घेतली, दोन दिवस त्यातच गेले, पण आता लांबून वाचता येतात. आणि चेकच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने वाचायच्या, फ्रेम, स्लाइड, बॅरल. आमच्या काही पिस्तुलांवर तिन्हीकडे एकच नंबर आहे तिथे सोपं जातं, काहींवर फक्त फ्रेमवर आहे तिथे मॉडेल आणि माप वाचावं लागतं.

त्या रात्री घटना लिहायला रजिस्टर उघडलं तेव्हा पोरगा शेजारी उभा होता, चेहरा उतरलेला. म्हणाला, "दादा, माझं नाव टाका ना, मीच जोडलं होतं." मी त्याला आदल्या दिवसाची ओळ दाखवली. तपासणाऱ्याच्या रकान्यात कुणाची सही आहे ती वाच म्हटलं. वाचली. मग मी शेऱ्यात लिहिलं, दोन पिस्तुलांच्या स्लाइडांची अदलाबदल, तपासणीत लक्षात आली नाही, आणि खाली परत सही केली. फाटकी पुंगळी पाकिटात घालून त्याच पानाला टाचली.

आता तो रोज संध्याकाळी एवढ्या मोठ्याने वाचतो की शेजारच्या खोलीतले वैतागतात. परवा पाच पिस्तुलं झाली होती, मला घाई होती, शेवटचं मी हातात घेतलं, फ्रेम वाचली, स्लाइड वाचली आणि पेन उचललं. तर हा म्हणतो, "दादा, बॅरल राहिलं." मी पेन खाली ठेवलं, पिस्तूल परत दिव्याखाली धरलं आणि वाचलं. नऊ. बरोबर होतं. मग सही केली.